पाहुणे झोपलेत तोवर

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या टपालाचा नूर बदलतो. दिवाळीपर्यंत चकली मोडते, अनारसा हसतो, चिवडा मऊ पडतो. मग एकदम पाहुणे. या खेपेच्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच सकाळ आहे: रात्री माणसं मुक्कामाला आलेली, सकाळी कुठेतरी वेळेवर पोचायचंय, आणि ओट्यापाशी एकटी बाई. एका पत्रात एकटा मुलगा आहे, त्याचंही खाली येईल.

काकू, येत्या रविवारी माझ्या मुलाचा साखरपुडा. नागपूरहून मोठ्या जाऊबाई, त्यांच्या मुली, जावई, नाशिकचे मामा-मामी, माझ्या नणंदबाई, अशी अकरा माणसं शनिवारी रात्री मुक्कामाला. आम्ही तिघं धरून चौदा. सकाळी पावणेआठला घर सोडायचं आहे. घरात दोन बर्नरची शेगडी, न्हाणीघर एक. बाहेरून इडल्या मागवू म्हटलं तर नणंदबाईंचं तोंड वाकडं झालं. कांदेपोहेच बरे ना?
— एक वरमाई, कल्याण

वरमाई, आधी अभिनंदन. आणि आता स्पष्ट सांगते, पोहे करू नका.

पोह्यांवर माझा राग नाही. चार माणसांना पंधरा मिनिटांत खायला घालायचं तर पोह्यांचा हात कुणी धरणार नाही. पण चौदा माणसांना १ किलो जाडे पोहे लागतात. भिजले की ते घरातल्या कढईत मावत नाहीत, म्हणजे दोन घाणे आले. त्यात न्हाणीघर एक. चौदा माणसं चौदा वेळांना आंघोळ करून बाहेर येणार. पहिल्या बशीला पोहे लुसलुशीत, दहाव्या बशीला तेच पोहे दाताखाली कचकचणार. मग तुम्ही पाण्याचा हबका मारणार, झाकण ठेवणार, पुन्हा गॅस लावणार. साखरपुड्याच्या सकाळी मुलाची आई कुठे होती? कढईपाशी.

मी ऐकीव बोलत नाही. १९९१ च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या दिराचं लग्न होतं. आम्ही तेव्हा डोंबिवलीत दोन खोल्यांत राहायचो. घरी नऊ पाहुणे, आणि मी हौसेनं घावन काढायला घेतले. घावन! एक बिडाचा तवा, एका वेळी एक घावन. सव्वासातला बस खाली येऊन हॉर्न द्यायला लागली तेव्हा मी ओल्या केसांना पंचा गुंडाळून सहाव्या माणसाचा दुसरा घावन उलटत होते. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझा अंबाडा एका बाजूला कललेला आहे. दीर अजून चिडवतात.

तेव्हापासून अशा सकाळी मी पदार्थाला एकच गोष्ट विचारते. तो किती वेळात होतो हे नव्हे. मला उभं ठेवतो का, हे. पोह्यांची पंधरा मिनिटं असतात, पण ती पंधराच्या पंधरा तुमची जातात. थालीपीठ, धिरडी, आंबोळ्या, पुऱ्या ही सगळी उभं ठेवणारी मंडळी. जो पदार्थ पाऊण तास घेतो, पण त्या पाऊण तासात तुमच्याकडे ढुंकून बघत नाही, तो आपल्या कामाचा.

शेगडीचाही हिशेब मांडा. चौदा माणसांच्या घरात एक बर्नर चहाचाच असतो. मामा साडेपाचला उठणार, जावई सव्वासातला, आणि मधल्या वेळात चहाचं पातेलं खाली उतरणार नाही. दुसऱ्यावर दूध, कुणाचं तरी बिनसाखरेचं, कुणाचं गरम पाणी. म्हणजे नाश्ता गॅसवर नकोच. तो ओव्हनमध्ये जाऊ दे.

तर, भानोलं करा, म्हणजे कोबी-बेसनाची भाजलेली जाड वडी.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. आमच्या मजल्यावर एक सीकेपी बिऱ्हाड होतं, त्यांच्याकडे रविवारी कोबीचं भानोलं व्हायचं, आत कोलंबी घातलेलं. ओव्हन तेव्हा कुणाकडे होता? कल्हईच्या लंगडीत, म्हणजे पसरट पातेल्यात, मिश्रण थापायचं, खाली मंद निखारे, वर ताटली, ताटलीत पुन्हा निखारे. तो वास जिन्यापर्यंत यायचा. पाठारे प्रभूंकडेही भानोलं असतं. कुणाचं खरं या भांडणात मी पडणार नाही, दोन्हीकडे खाल्लंय आणि दोन्हीकडे मागून घेतलंय. आमच्या घरात कोलंबी चालत नसे, म्हणून आई ओले मटार घालायची. पुढे १९७८ साली आमच्याकडे तो गोल, अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला ओव्हन आला. सगळ्यांच्या ओव्हनमध्ये नानकटाई व्हायची, आमच्यात आधी भानोलं झालं. तुमच्याकडे शुभकार्य आहे, तेव्हा तुम्हीही मटारच घाला.

चौदा माणसांना: १ किलोचा कोबी, ४ मध्यम कांदे, वाटीभर मटार, ४०० ग्रॅम बेसन, १०० ग्रॅम तांदळाचं पीठ, एका नारळाचा चव, १० ते १२ हिरव्या मिरच्या, दोन बोटं आलं, १५ पाकळ्या लसूण, भरपूर कोथिंबीर, अर्धी वाटी तेल, हळद, चमचाभर साखर आणि ३ सपाट चहाचे चमचे मीठ. बेसन मंद आचेवर पाच मिनिटं कोरडंच भाजून घ्या. नाहीतर आतला भाग कच्चट लागतो आणि पाहुणे काही न बोलता पाणी पितात.

आता यातली खरी मेख. कोबीला मीठ लागलं की पाणी सुटतं. 'रात्रीच सगळं कालवून ठेवते, सकाळी नुसतं ओव्हनमध्ये सारते' असा हुशार विचार केलात, तर सकाळी ट्रेमध्ये पिठलं सापडेल. मी ते केलेलं आहे. म्हणून रात्री तीन डबे भरा. एकात बारीक चिरलेला कोबी, कांदा आणि मटार. (झाकण घट्ट लावा, नाहीतर फ्रीजमधलं दूध कांद्याच्या वासाचं होतं आणि सकाळचा चहा कामातून जातो.) दुसऱ्यात दोन्ही पिठं, हळद, साखर आणि मीठ, सगळं कोरडं. तिसऱ्यात मिरची, आलं, लसूण, कोथिंबिरीचं वाटण आणि नारळ. पहिला आणि तिसरा फ्रीजमध्ये, दुसरा ओट्यावर. ट्रेला तेल लावून तोही तयार ठेवा.

सकाळी पावणेसहाला ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवायचा. परातीत तिन्ही डबे उपडे करायचे, तेल घालायचं आणि हातानं चांगलं चोळायचं. पाच मिनिटं तसंच राहू द्या. कोबीला जे पाणी सुटतं त्यातच पीठ भिजतं, वरून पाणी घालायची वेळ येत नाही. आलीच तर दोन चमचे, जास्त नाही. ९ बाय १२ इंचांच्या ट्रेमध्ये थापा, वर तीळ भुरभुरवा. थर दीड इंचापेक्षा जाड नको. सहाला आत, सातला दहा कमी असताना बाहेर. सुरी खुपसून बघा, कोरडी निघायला हवी. मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. गरम गरम कापलंत तर भुगा होतो. सातला चार उभ्या, सात आडव्या अशा अठ्ठावीस वड्या पाडा, माणशी दोन. हातात धरून खाता येतात, बशी लागत नाही, साडीवर सांडत नाही. आणि कोमट झालं तरी चव तीच राहते. आधी आंघोळ करणारा आणि शेवटी करणारा यांना एकच नाश्ता मिळतो.

मधल्या पन्नास मिनिटांत तुम्ही आंघोळ करा, केस वाळवा, नथ शोधा.

एक धोका मात्र आहे, आणि तो स्वयंपाकातला नाही. छोटा ओव्हन साधारण १५०० वॅटचा असतो, गीझर २००० चा. आमच्या जुन्या इमारतीत हे दोघं एकदम चालत नाहीत, हे मला पाहुण्यांसमोर कळलं. ओव्हन लावला, दहा मिनिटांत सगळं घर अंधारात, आणि न्हाणीघरातून माझ्या विहीणबाईंचे बंधू ओरडतायत, 'अहो, डोळ्यांत साबण गेलाय!' तेव्हा शनिवारी दुपारी, कुणी यायच्या आत, गीझर आणि ओव्हन दोन्ही लावून अर्धा तास बघा. टिकलं तर उत्तम.

नाही टिकलं किंवा ओव्हनच नसेल, तर भानोलं शनिवारी संध्याकाळीच उरकून टाका. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पसरट पातेल्यात, खाली तवा ठेवून, झाकण घालून, अगदी मंद आचेवर. एका बाजूला पंचवीस मिनिटं, मग ताटात उलटवून दुसऱ्या बाजूला तितकीच. एवढ्या मिश्रणाचे दोन घाणे होतील. पूर्ण गार झालं की वड्या पाडून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी मोठ्या तव्यावर तेलाच्या थेंबावर दोन्हीकडून परता. खरं तर असं परतलेलं जास्त खमंग लागतं, कडेला कुरकुरीत होतं. इथे कुणीतरी थोडं उभं राहायला लागतं, कबूल. पण ते कुणीतरी तुम्हीच असायला हवं असं नाही. थालीपीठ थापायला हात बसलेला लागतो, वड्या परतायला पुतणी चालते.

सोबत नारळाची चटणी वगैरे मांडू नका, नारळ आतच आहे. केळ्यांचा घड, आणि तोंड गोड करायला एकेक बेसनाचा लाडू. चहा दोन थर्मासमध्ये, एक साखरेचा, एक बिनसाखरेचा. बिनसाखरेच्या थर्मासला दोरा बांधा, नाहीतर दर वेळी चाखून बघायची पाळी येते.

राहिल्या नणंदबाई. त्यांना शनिवारी रात्री कोबी चिरायला बसवा. विळी द्या, परात द्या, 'तुमच्यासारखा बारीक कुणाला येत नाही' म्हणा. स्वतः चिरलेल्या कोबीला कुणी नावं ठेवत नाही.

आदरणीय काकू, आम्ही एडिसन, न्यू जर्सी इथे राहतो. सून अमेरिकन आहे. नाताळात तिचे आईवडील ओहायोहून चार दिवस येतात. तिच्या माहेरी २५ तारखेच्या सकाळी ब्रेकफास्ट कॅसरोल (पाव, अंडी, दूध, चीज घालून ओव्हनमध्ये भाजतात ते) असतंच, म्हणून गेल्या वर्षी मी हौसेनं केलं. वरून करपलं, खाली पाणी. त्यांनी गोड मानून घेतलं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवाय माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या, त्यांना अंडं चालत नाही. यंदा करू की नको?
— एक वाचक, एडिसन

करा तर. सुनेच्या माहेरचा सण तिच्या सासरी झाला, यासारखं काही आहे का?

२०१० च्या हिवाळ्यात मी लेकीच्या बाळंतपणाला तुमच्याच राज्यात सहा महिने होते. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी समोरच्या घरी भांडं परत करायला गेले, तर तिथल्या आजी शिळ्या पावाचे तुकडे एका मोठ्या डिशमध्ये पसरत होत्या. वर किसलेलं चीज, त्यावर अंडी-दुधाचं मिश्रण ओतलं, डिश झाकून फ्रीजमध्ये टाकली आणि कोट घालून चर्चला निघाल्या! मला वाटलं, सणाच्या दिवशी शिळा पाव? मग आठवलं, आपणही शिळ्या पोळ्यांचा कुस्करा मिटक्या मारत खातो की. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवंडं झाडाखालच्या भेटींचे कागद फाडत होती आणि आजी त्यांच्यात बसून होत्या. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. कॅसरोल आपलं आपण होत होतं. कल्याणच्या वरमाईंना मी वर जे सांगितलं ते त्या आजी बहुधा पन्नास वर्षं करत होत्या.

त्यांनी मला प्रमाण सांगितलं ते असं. ९ बाय १३ इंचांच्या डिशला १२ औंस पाव, म्हणजे साधारण ३४० ग्रॅम, ८ अंडी, अडीच कप दूध, २ कप किसलेलं चेडर, चमचाभर मोहरीची पूड, मीठ, मिरपूड. आठ-दहा माणसांना पुरतं.

तुमचं काय चुकलं असेल, ते तीन ठिकाणी शोधा. पहिलं, पाव. ताजा, मऊ, पिशवीतला कापलेला पाव घेतला असेल तर त्याचा लगदा होतो. कडक कवचाचा पाव घ्या, तुकडे करून रात्रभर उघडे वाळवा किंवा मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटं सुकवा. कोरडा पाव दूध पितो, ओला पाव ते सोडून देतो. दुसरं, भाज्या. आपला हात राहात नाही, आपण टोमॅटो घालतो, मशरूम घालतो, फ्रोझन पालक घालतो. हे सगळे पाण्याचे माठ. टोमॅटो वगळा, मशरूम आणि कांदा पाणी आटेपर्यंत परता, पालक मुठीत घट्ट पिळा. सॉसेज तुमच्या घरात चालत असेल तर तेही आधी पूर्ण शिजवून, तेल निथळून मगच.

तिसरं, आणि माझा संशय यावरच आहे, आच. फ्रीजमधून काढलेली बर्फासारखी डिश थेट जास्त तापलेल्या ओव्हनमध्ये गेली की कडा आणि वरचं चीज आधी होतं, मध्य कच्चा राहतो. मध्य होईपर्यंत थांबलं की कडेची अंडी आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात. तेच तुमच्या डिशच्या तळाशी होतं. म्हणून डिश अर्धा तास आधी बाहेर काढा. (काचेची असेल तर हे नक्कीच करा, थंडगार काच एकदम तापली की तडकू शकते.) ओव्हन ३५० अंश फॅरनहाइट, मधली फळी. पहिला अर्धा तास वर फॉइल, मग फॉइल काढून वीस-पंचवीस मिनिटं. तुमच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर असेलच, मध्यभागी १६० अंश दाखवला की झालं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं निवू द्या. आणि रात्री भिजत ठेवायचं ते फ्रीजमध्येच, 'बाहेर थंडी आहे' म्हणून ओट्यावर नको. तुमच्या घरात हीटर चालू असतो.

हिरवी मिरची घालणार असाल तर व्याह्यांना आधी सांगून ठेवा.

आता सासूबाई. अंड्याशिवायच्या कॅसरोलच्या मागे लागू नका. तो पदार्थ अंड्यामुळे थिजतो; अंडं काढलं की उरतो भिजलेला पाव. त्यांच्यासाठी वरचं भानोलं चौथाई प्रमाणात करा, ८ इंचांच्या डब्यात. पाव किलो कोबी, १०० ग्रॅम बेसन आणि त्या हिशेबानं बाकीचं. तुमचे ३५० अंश फॅरनहाइट आणि आमचे १८० सेल्सिअस जवळजवळ एकच, तेव्हा दोन्ही एकाच ओव्हनमध्ये शेजारी शेजारी होतात. पण हे सासूबाईंना विचारून करा. अंड्याशेजारचं नको म्हणाल्या तर आदल्या संध्याकाळी त्यांचं आधी भाजून ठेवा. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला समजूत घालून खायला लावायचं नसतं.

भानोलं थोडं जास्तच करा मात्र. मी नववर्षाच्या दिवशी समोरच्या आजींकडे थोडं नेलं होतं. त्यांनी खाऊन विचारलं, 'हे तुमच्याकडचं कॅसरोल का?' मी हो म्हणाले. चूक काय आहे त्यात?

काकू, मी पुण्यात एकटा राहतो. शनिवारी रात्री चार मित्र माझ्याकडे झोपायला आहेत, पहाटे साडेचारला राजगडाला निघायचं आहे. त्या वेळी गाडीवर काही मिळत नाही. माझ्याकडे एक इंडक्शन, एक पातेलं आणि एक कढलं आहे. बिस्किटं सोडून काही सुचवा.
— उपाशी ट्रेकर, पुणे

ज्याच्या घरात फोडणीचं कढलं आहे तो उपाशी राहायचा नाही. दडपे पोहे कर.

पाच जणांना ३०० ग्रॅम पातळ पोहे लागतील. पातळच, जाडे नाहीत. दुकानदाराला दोनदा सांग. रात्री अर्धा नारळ खवून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव, नारळाचं पाणी फेकू नकोस, तेही ठेव. खवणी नसेल तर शेजारच्या काकूंकडे माग. त्या खवूनच देतील, बघ. सकाळी पातेल्यात पोहे, नारळ, बारीक चिरलेले दोन कांदे, मीठ, साखर, एका लिंबाचा रस. नारळाच्या पाण्याचा हबका मार, हातानं कालव, वर ताटली ठेवून तिच्यावर वजन ठेव. म्हणून तर दडपे. दहा मिनिटांत तुमच्या सॅक भरून होतात. मग कढल्यात तेल, मोहरी, हिंग, हळद, मिरच्या, मूठभर शेंगदाणे. फोडणी ओत, कालव आणि खा.

घरीच संपवा. ओला नारळ आणि कच्चा कांदा उन्हात टिकत नाही, तेव्हा डब्यात भरून गडावर नेऊ नकोस. वर न्यायला चिक्की आणि केळी. सालं खाली आणायची.

गेल्या अंकात तुम्ही मुक्कामाच्या पाहुण्यांना सकाळी फोडणीची पोळी द्यावी असं लिहिलंत. वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे पाहुण्याला शिळं वाढत नाहीत. आमच्या आजी दहा-दहा पाहुण्यांना पहाटे ताजा तिखटमिठाचा सांजा करून घालत. रवा तेवढा आदल्या रात्री भाजून ठेवलेला असे. तुमच्या सदरामुळे आळसाला प्रतिष्ठा मिळते आहे.
— एक गृहिणी, सांगली

तुमच्या आजींचा सांजा मला आवडला असता. आणि आजीसुद्धा. 'रवा तेवढा आदल्या रात्री भाजून ठेवलेला असे' हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण त्या बाईंचं सगळं शहाणपण तिथेच आहे. भाजलेला रवा तयार असेल तर एका वाटीला अडीच-तीन वाट्या उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. दहा पाहुण्यांत त्या उभ्या राहात नसणार.

शिळ्याचं म्हणाल तर इडलीचं पीठ रात्रभर आंबलेलं असतं, दही कालच्या विरजणाचं असतं. ते आपण शिळं म्हणत नाही. फोडणीच्या पोळीबद्दल मात्र एक पाऊल मागे येते. पहिल्यांदाच घरी आलेल्या व्याह्यांना ती देऊ नये, हे मी लिहायला हवं होतं. मावसभावाला द्यावी. तो मागून घेतो.

दुरुस्ती. गेल्या अंकातल्या ढोकळ्याच्या उत्तरात २ वाट्या बेसनाला '१ मोठा चमचा सोडा' असं छापलं गेलं. तो अर्धा चहाचा चमचा हवा. छपाईचा दोष नाही, माझ्या अक्षराचा आहे. हल्ली मी अर्ध्याची खूण अशी काढते की संपादकांना ती एक दिसते. पाच जणींनी लाल ढोकळ्याचे फोटो पाठवलेत. हळद आणि जास्तीचा सोडा भेटले की रंग लाल होतो. तो खाऊन बघू नका, साबणासारखा लागतो, टाकूनच द्या. वाया गेलेल्या बेसनाबद्दल माफी मागते.